दोन बाधितांच्या सह्या

अर्जाच्या आठव्या कलमापर्यंत माझं सगळं सुरळीत चाललं होतं. नाव, वडिलांचं नाव, शाळेत लावलेली जन्मतारीख, उंची, क्षयरोग झाला होता काय, तुरुंगात होता काय, इंग्रजी वाचता येतं काय. (हा प्रश्न इंग्रजीतच विचारला होता. ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं 'नाही' कुठल्या आधारावर लिहावं, असा एक बारीक कायदेशीर मुद्दा मला सुचला होता. पण शिष्यवृत्ती मागणाऱ्यानं मुद्दे काढू नयेत, म्हणून 'हो' लिहून पुढं सरकलो.) नवव्या कलमाशी येऊन मात्र जो अडकलो, तो दीड महिना.

गोष्ट शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा उस्मानाबादच्या कोर्टात वकिली करत होतो. म्हणजे सकाळी काळा कोट घालून जायचो आणि संध्याकाळी तोच कोट घालून परत यायचो. मधला वेळ लिंबाच्या झाडाखाली पक्षकाराची वाट बघण्यात जायचा. पक्षकार यायचेसुद्धा. "ते दुसरे वकील कुठं बसतात?" एवढं विचारून जायचे. अशाच एका दुपारी बार रूममधल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिसली : विलायतेतल्या एका विद्यापीठात पर्यावरणाचा कायदा शिकण्यासाठी शिष्यवृत्ती. मी पत्र टाकलं आणि महिन्याभरात जाड लिफाफा घरी आला.

लिफाफा आधी शेजारच्या सिद्धलिंग अप्पांनी बघितला. अप्पा निवृत्त पोस्टमास्तर. विलायतेहून आलेल्या पत्रांवर त्यांनी तीस वर्षं शिक्के मारले होते, त्यामुळं विलायतेबद्दल आमच्या गल्लीत शेवटचा शब्द त्यांचा.

"थंडी फार तिथं," ते लिफाफा उन्हात धरून म्हणाले. "पत्रं हाताला गार लागायची."

त्यांच्या पत्नी नीलम्मा चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "अन् शिकायला काय चाललाव म्हणे?"

"पर्यावरणाचा कायदा."

"आगं बाई, वरणाचा बी कायदा असतो व्हय?"

मी त्यांना हवा, पाणी, जमीन, माणसाचा भोवताल असं पुष्कळ समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हौदावर सांगितलं, की वकीलसाहेब विलायतेला हवापाणी बदलायला चाललेत, तब्येत बरी नसावी. त्या आठवड्यात चार जण मला बघायला येऊन गेले. एकानं मोसंबी आणली.

तर नववं कलम. अर्जदारानं आपल्या भागातल्या, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या पर्यावरणविषयक प्रश्नावर निवेदन लिहावं. सोबत किमान दोन बाधित व्यक्तींच्या सह्यांचं निवेदन जोडावं. आणि ते 'जस्टिस ऑफ द पीस किंवा तत्सम अधिकाऱ्या'नं साक्षांकित केलेलं असावं.

"दुष्काळावर लिहा," अप्पा म्हणाले. "दोन काय, दोन लाख सह्या आणून देतो."

माझी पत्नी अनसूया प्राथमिक शाळेत शिक्षिका. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "पाऊस पडला नाही तर कुणावर खटला घालणार? कायदा म्हटल्यावर करणारा कुणीतरी पाहिजे ना. पिराजीभाऊंच्या गावचा ओढा का नाही घेत?"

हे मला सुचायला हवं होतं. मी तसं तिला सांगितलं, की हेच माझ्या मनात होतं. तिनं एका वहीवर लाल फुली मारली.

पिराजी माझा मावसभाऊ. बेंबळीच्या पलीकडं आमराईवाडी म्हणून गाव आहे, तिथला. आमराईवाडीत आंब्याचं झाड एकही नाही. गावाच्या वरच्या अंगाला श्री उगवती सहकारी साखर कारखाना आहे आणि कारखान्याचं मळीचं पाणी गावच्या ओढ्यात सुटतं. त्या वर्षी पाऊस नव्हता. ओढ्याचं स्वतःचं पाणी आटून गेलं होतं आणि जे वाहत होतं ते निखालस कारखान्याचं होतं : काळं, फेसाळ, आणि असा वास की एस.टी.तून उतरणारा माणूस आधी नाक धरायचा, मग पिशवी.

मी पारावर सभा घेतली. पंधरा-वीस माणसं जमली. बोलताना मी 'प्रदूषण', 'जनस्वास्थ्य' आणि 'बाधित' हे शब्द मुद्दाम सावकाश उच्चारले.

"कसली मान्सं पायजेत म्हनलाव?" पिराजीनं विचारलं.

"बाधित. बाधा झालेली."

"बाधा झालेला येकच हाय गावात. ह्यो कोंडिबा. आमोशाला घुमतो."

कोंडिबा खरोखरच उठून पुढं आला आणि कुठं सही करायची विचारू लागला. त्याला खाली बसवून मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. आता मात्र सगळ्यांना नीट कळलं. मग एकेक जण सांगू लागला. विहिरी खराब झाल्यात, हे खरं. अंगाला खाज सुटते, हेबी खरं. वासरं दगावली, व्हय. पण सही?

"वकीलसाहेब, आमी सभासद हाव," एक म्हातारा म्हणाला. "आमचा ऊस हुबा हाय रानात. तोडनीची टोळी आमच्याच फडाला यायची राहिली, तर काय करावं? तुमी जाताव विलायतेला. आमी इथंच हाव."

सहीच्या ऐवजी त्यांनी मला सल्ले मात्र भरपूर दिले. बसमध्ये खिडकीपाशी बसा. विमानात बी खिडकीपाशीच बसा. तिथल्या लोकांनी काही खायला दिलं तर आधी त्यांना खाऊ द्या.

निदान 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला' एवढी अट तरी पुरी करावी, म्हणून मी ओढ्याकडं गेलो. काठ कोरडा दिसत होता. वर साय धरलेली असते हे मला ठाऊक नव्हतं. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं, आणि तिसऱ्याला मी कमरेपर्यंत आत होतो. उठायला गेलो तर छातीपर्यंत. पिराजी आणि कोंडिबानं मला काढलं तेव्हा माझा एक बूट ओढ्याकडंच राहिला. (तो पुढं आला नाही. मीही पाठपुरावा केला नाही.)

अंग धुवायला पिराजीनं मला त्याची चुलती बनाबाई हिच्या विहिरीवर नेलं. ओढ्यापासून शंभर पावलांवर तिचं दोन एकर रान. ऊस नाही, नुसती ज्वारी. बनाकाकूनं पोहऱ्यानं पाणी काढून माझ्यावर ओतलं. ते पाणीही विटकरी होतं. धुऊन झाल्यावर वास तसाच राहिला, फक्त सगळीकडं सारखा लागला.

"कशासाठी आलतास?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग माझा आंगठा घे की. माझ्याकडं कुठं ऊस हाय?"

मी तिथंच बांधावर बसून तिचं निवेदन लिहिलं. चांगलं दीड पान. 'सदर इसम सदर विहिरीच्या पाण्याच्या उपभोगापासून वंचित झाल्याने' अशी त्याची सुरुवात होती. मग वाचून दाखवलं. तिनं पोहरा खाली ठेवला.

"ह्यात माझी हीर कुठंय?"

"हीच की. 'सदर विहीर' म्हटलंय ना."

"सदर बिदर न्हाय. म्या सांगते तसं लिही."

मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. कोर्टाच्या भाषेत त्याला काडीची किंमत नव्हती. पण अंगठा तिचा होता, आणि शर्ट वाळेपर्यंत मला जाता येत नव्हतं. मनाशी ठरवलं, की माझं बारा पानांचं निवेदन वर लावायचं आणि हे खाली, दिसेल न दिसेल असं. घरी येऊन त्याचं इंग्रजी केलं तेही जसंच्या तसं. सुधारायचा कंटाळा आला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि त्याच्या पुढचे दोन बाक रिकामे ठेवले. त्या दिवशी गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती.

एक बाधित मिळाला होता. दुसरा कुठून आणायचा या विचारात रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तोच गल्लीत जीप येऊन थांबली. तिच्या दारावर 'श्री उगवती सहकारी' ही अक्षरं होती. अप्पा लगबगीनं बाहेर आले, जीप बघितली आणि तितक्याच लगबगीनं आत गेले.

झालं होतं असं. आमराईवाडीतून बातमी कारखान्यावर पोचेपर्यंत मी सरकारचा पाण्याचा इन्स्पेक्टर झालो होतो. 'लई कडक मानूस. गळ्याइतक्या मळीत उतरून तपासणी केली म्हनं. बूट गेला तरी मागं सरला न्हाय.' कारखान्याचे चेअरमन आबाराव यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की इन्स्पेक्टर नाही, वकील आहे आणि विलायतेला चाललाय. मग त्यांनी विचार केला असावा, की दोन्हींवर औषध एकच. हंगामाच्या सांगता समारंभात माझा जाहीर सत्कार ठरला.

"तुम्ही त्यांच्याविरुद्ध कागद लिहिलाय," अनसूया म्हणाली, "अन् त्यांच्याच हातून फेटा बांधून घेणार?"

"सत्कार वेगळा आणि कायदा वेगळा."

"मग फेटा बांधल्यावर कायदा कुठं ठेवणार?"

मी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. खरं सांगायचं, तर आजवर माझा सत्कार कुणीच केला नव्हता. चौथीत एकदा नंबर आला होता, तेव्हा बक्षीस देणारे पाहुणेच आले नव्हते.

कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. चार-पाचशे सभासद, लाऊडस्पीकर, आणि माझ्या डोक्यावर फलक : 'पर्यटन कायदेतज्ज्ञ अॅड. अंबादास ओव्हाळ यांचे हार्दिक स्वागत.' आबाराव भाषणाला उठले. देह भरदार, आवाज त्याहून. त्यांनी फलक बघितला नसावा, कारण ते म्हणाले, "आपल्या भागातला हा पैला मानूस विलायतेला परिवहनाचा कायदा शिकायला चालला. उद्या परत येऊन आपल्या एस.टी.चं भलं करील." टाळ्या झाल्या. माझा हात खिशाकडं गेला आणि फेटा सरळ करून परत आला.

मग मला बोलायला सांगितलं. आदल्या रात्री मी एक बाणेदार भाषण पाठ केलं होतं. उभा राहिलो. समोर पाचशे माणसं, बाजूला आबाराव, गळ्यात त्यांचाच हार. माझ्या तोंडून निघालं ते असं : "हा कारखाना म्हणजे या दुष्काळी भागाची कामधेनू आहे." पहिल्या रांगेत अनसूया बसली होती. तिनं पायातल्या चपलेकडं बघितलं. मी खाली बसलो. इतक्या पोटतिडकीनं मी स्वतःच्या विरुद्ध कोर्टातसुद्धा कधी बोललो नव्हतो.

एवढ्यात बायकांच्या बाजूनं बनाकाकू उठली. हातात झाकलेला तांब्या. मागून पिराजी "काकू, आगं काकू" करत होता. ती सरळ व्यासपीठापाशी आली.

"आबाराव, लई बोललाव. घसा कोरडा पडला आसंल. दोन घोट पानी घ्या."

व्यासपीठावर कुणी काही हातात दिलं की ते घ्यायचं, ही आबारावांची वीस वर्षांची सवय. त्यांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. मोठा घोट होता. तो तोंडात गेला मात्र, त्यांचे डोळे स्थिर झाले. थुंकावं तर पाचशे सभासद, गिळावं तर ते पाणी. मी त्यांच्या शेजारीच होतो. ह्या गालातून त्या गालात ते तीन वेळा गेलं. शेवटी त्यांनी गिळलं.

"कुठलं पानी हाय हे, मावशी?"

"माझ्या हिरीचं. तुमच्या वड्याशेजारची. टँकर येत न्हाय त्या दिशी आमी हेच पितो. तुमी एक डाव पिलाव."

मागं कुणीतरी हसलं. मग पुढं कुणीतरी. मग अख्खा मांडव. आबाराव वळले, ते माझ्याकडं.

"वकीलसाहेब, हे तुमचं काम काय?"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. अनसूया अजून चपलेकडंच बघत होती, आणि बनाकाकू तांब्या परत घ्यायला हात पुढं करून उभी होती. "निवेदन मी लिहिलंय," मी म्हणालो. अगदी बारीक आवाजात म्हणालो होतो, पण माइक तोंडाशीच होता. त्यानं माझा विचार न घेता ते सगळ्या आवारात सांगून टाकलं.

"कुठंय? दावा."

मी खिशातून कागद काढला. नेमका बनाकाकूचाच कागद वर आला. आबारावांनी चष्मा लावला आणि माइकमध्ये मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. टर उडवायचा बेत होता, हे पहिल्या वाक्याच्या सुरावरून कळत होतं.

"'माझं नाव बनाबाई. बहात्तरच्या दुष्काळात म्या आन माझ्या मालकानं ही हीर खांदली. चाळीस हातावर पानी लागलं तवा मालक खाली व्हतं. त्यांनी वंजळ भरून वर दावली. ते पानी गोड व्हतं.'" इथं आबारावांचा आवाज जरा उतरला. "'आता मालक न्हायती. हिरीला पानी हाय, पर त्याला आंबलेल्या काकवीचा वास येतो. म्हस तोंड लावीत न्हाय. म्हशीचं आन कारखान्याचं काय वैर न्हाय, ती खोटं कशाला करंल. माझी कुनावर तक्रार न्हाय. पानी व्हतं तसं करून द्या.'"

मांडवात कुणी हसलं नाही. आबारावांनी कागद उलटून मागं काही आहे का बघितलं. मागं काही नव्हतं.

"अजून काय पायजे ह्याला?"

"अजून एका बाधिताची सही," मी म्हणालो.

"बाधित मंजी?"

"ज्याला त्रास झाला तो."

आबारावांनी पोटावर हात ठेवला. आत काहीतरी चाललं असावं. त्यांनी क्षणभर कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "मंग म्या बी झालोच की आता," ते म्हणाले आणि माझं पेन मागून घेतलं. सही ठोकली. सवयीनं खाली 'चेअरमन' लिहिलं, आणि सवयीनंच मॅनेजरला शिक्का आणायला लावला. अशा रीतीनं कारखान्याविरुद्धच्या तक्रारीवर कारखान्याचाच गोल शिक्का बसला. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. आबाराव पुढं तीन दिवस मळ्यातून बाहेर पडले नाहीत, असं ऐकलं.

राहिला होता 'जस्टिस ऑफ द पीस'. एका कचेरीतल्या बाबूंनी मजकूर वाचून त्याचा अर्थ 'शांततेचा न्यायाधीश' असा लावला आणि शांतता समिती पोलिसांकडं असते म्हणून मला तिकडं धाडलं. तिथले जमादार म्हणाले, समितीची बैठक आता गणपतीच्या आधी. तिसऱ्या कचेरीत विचारलं, तुमच्यात भांडण नेमकं कुणाकुणाचं? मी म्हणालो, भांडण नाही. "मग शांतता कशाला पाहिजे?" शेवटी कोर्टातल्या एका दयाळू न्यायाधीशांनी चहाच्या वेळेत सही करून दिली. अंगठ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "ह्या बाई कोण?" मी सांगितलं. त्यांनी तो कागद उभ्या उभ्या वाचला आणि चहा थंड झाला. माझी बारा पानं त्यांनी नुसती मोजली. अप्पांनी लिफाफा स्वतः डिंकानं चिकटवला आणि पोस्टात जाऊन शिक्का नीट उमटतो की नाही ते बघून आले.

उत्तर जुलैत आलं. माझी निवड झाली होती. अनसूयेनं पत्र आधी मोठ्यानं वाचलं, मग हळू, मग नुसतंच हातात धरून बसली. वर्षभर शाळा आणि घर तिनं एकटीनं ओढायचं, हे त्या पत्रात कुठंच लिहिलं नव्हतं. "जा," ती म्हणाली. "पण तिथं कुणी सत्कार करायला लागलं तर आधी मला कळवा."

पत्रात शेवटी एक परिच्छेद होता. अर्जदाराचं बारा पानांचं निवेदन नियमानुसार आढळलं, असं त्यात म्हटलं होतं. पुढं होतं : श्रीमती बनाबाई यांचं निवेदन समितीनं दोनदा वाचलं, आणि निर्णय घेण्यात त्याचा मोठा उपयोग झाला. त्या 'नियमानुसार' शब्दानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण सांगायला तर जायलाच हवं होतं.

आमराईवाडीत पाऊस बरा झाला होता. कारखान्यानं मळीसाठी वरच्या माळावर मोठे खड्डे खणून बांध घातले होते. आबारावांनी स्वतः उभं राहून करून घेतले म्हणे. ओढा वाहत होता. अगदी निर्मळ नव्हे, पण तळाचे दगड दिसत होते. बनाकाकू विहिरीवर म्हशीला पाणी पाजत होती. म्हैस हुंगायची, मागं सरायची, विचार करायची आणि मग प्यायची.

"काकू, मी चाललो विलायतेला," मी म्हणालो. "तिकडच्या साहेबांनी तुझा कागद दोनदा वाचला. लई आवडला त्यांना."

"आन तुझा?"

"तो नियमानुसार आढळला."

तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळून, अगदी मनापासून विचारलं,

"मंग बोलवलं तुला कसं?"